मीटरचं तोंड कुणीकडे

मामांना कापसातली ओल बघायला यंत्र लागत नाही. टेम्पोच्या फाळक्यावरून हात कोपरापर्यंत आत घालायचा, मूठभर कापूस ओढून काढायचा, दाबायचा, सोडायचा. मग एक सरकी दाताखाली धरायची. कट्ट आवाज झाला तर माल वाळलेला. नुसती चेपली तर ओला. आयुष्यभर त्यांनी असाच कापूस घेतला. आता दुकानात खरा मीटरही आहे. त्याची दांडी कापसात खुपसली की पडद्यावर आकडा येतो. मीटर सूनबाईंनी घेतला, पण बसलाय तो मामांच्या टेबलावर, पडदा मामांकडे करून.

वाद मात्र मीटरवरून सुरू झाला नाही. तो सुरू झाला चार वर्षांच्या नातवावरून.

हे मामा आणि या सूनबाई कुणा एका घरातले नाहीत. लेखाच्या सोयीसाठी रचलेली माणसं आहेत. त्यांचा मोंढा मात्र खरा. परभणी जिल्ह्यातल्या मानवतचं नाव बाहेरच्या माणसापुढे काढलं की तो हमखास १९७० च्या दशकातल्या हत्याकांडांबद्दल विचारतो, आणि २०२४ मध्ये त्यावर वेबमालिका आल्यापासून तर जास्तच. गावाला स्वतःची ओळख विचारली तर ते कापसाचं नाव घेईल. दिवाळी झाली की मोंढ्यात गाड्यांची रांग लागते, हर्राशीच्या बोलीचा गलका उठतो, आणि बाजार समितीपासून जिनिंगपर्यंत हवेत रुईचे बारीक तंतू तरंगत राहतात. एकाच गावाकडे बघायच्या या दोन बाजू. आपला विषयही तोच आहे.

तर नातू. रोज दुपारी तो दुकानात यायचा आणि पाण्याचा तांब्या सांडायचा. ओरडून झालं, धपाटा झाला, कोपऱ्यात उभं करून झालं. मग बालवाडीच्या पालकसभेत बाईंनी एक गंमत करायला सांगितली: घरी गेल्यावर गुडघ्यांवर बसा आणि मुलाच्या उंचीवरून घर बघा. सूनबाईंनी ते दुकानात केलं, गिऱ्हाईक नसताना, जरा लाजतच. खालून तांब्या दिसेचना. दिसत होता फक्त टेबलाचा काठ. पोरगं रोज न दिसणाऱ्या वस्तूसाठी हात वर करून चाचपडत होतं. त्यांनी माठ खाली तिवईवर आणला, शेजारी छोटा पेला ठेवला. सांडणं थांबलं नाही, पण बरंच कमी झालं.

संध्याकाळी हिशेब लावताना त्या म्हणाल्या, “मामा, आपलं दुकान पण एकदा असं खालून बघायला पाहिजे.”

“म्हणजे मी आता काट्याखाली रांगू?”

“रांगू नका. शेतकरी उभा राहतो तिथं उभे राहा. तिथून तुम्हाला मीटर दिसतो का बघा.”

मामा हसले. मग म्हणाले, “बाई, लेकरू आपलं असतं. त्यानं तांब्या सांडला तर आपलंच पाणी जातं. इथं समोरचा त्याच्या पैशासाठी उभा, मी माझ्या. त्याच्या जागेवर जाऊन उभा राहिलो तर माझी जागा कोण सांभाळणार?”

प्रश्न साधा दिसतो, पण व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून गुळगुळीत होऊन येणाऱ्या ‘ग्राहकाच्या नजरेतून बघा’ या सल्ल्याची खरी अडचण तीच आहे. आई-बापांना सांगितलेलं व्यापाऱ्याला जसंच्या तसं लागू होतं का?

सूनबाईंनी उत्तर सरळ दिलं नाही. त्या डी.एड.ला होत्या तेव्हा शिकलेला एक प्रयोग त्यांना आठवला. स्वित्झर्लंडमधले मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी लहान मुलांपुढे तीन डोंगरांची एक प्रतिकृती ठेवली. पलीकडे एक बाहुली बसवली आणि विचारलं, बाहुलीला काय दिसत असेल? सहा-सात वर्षांखालची मुलं बहुतेक वेळा स्वतःला जे दिसतं तेच बाहुलीच्या नावावर सांगत. निष्कर्ष निघाला: लहान मूल दुसऱ्याच्या नजरेनं बघूच शकत नाही. पुढे १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ मार्टिन ह्यूज यांनी तोच प्रश्न वेगळ्या रूपात विचारला. डोंगर काढून टाकले. आडव्या-उभ्या भिंती मांडल्या, पोलिसाच्या बाहुल्या उभ्या केल्या आणि मुलांना सांगितलं, या पोराला पोलिसांना दिसणार नाही असं लपव. साडेतीन ते पाच वर्षांची मुलं होती. सुमारे नव्वद टक्के उत्तरं बरोबर आली.

“म्हणजे पोरं हुशार निघाली,” मामा म्हणाले.

“पोरं आधीही हुशारच होती. डोंगरांचा प्रश्न त्यांच्या कामाचा नव्हता. चोर-पोलीस त्यांना कळतं.”

“मग यात कापूस कुठं आला?”

“तुम्ही रोज म्हणता ना, शेतकऱ्याला प्रत कळत नाही, कवडी आणि पत्तीसकट माल आणतो?”

कवडी म्हणजे किडीनं बिघडलेलं, नीट न उमललेलं, पिवळट पडलेलं बोंड. ती चांगल्या कापसात मिसळली की रुईचा रंग उतरतो. पत्ती म्हणजे वाळलेल्या पानांचा चुरा. तिसरा शत्रू खताच्या प्लॅस्टिकच्या गोणीचा धागा. तो रुईत गेला की सूत रंगवताना कापडावर उमटतो. गिरण्यांची तक्रार जिनिंगकडे येते, जिनिंगची आडत्याकडे, आडत्याची शेतकऱ्याकडे, आणि शेतकऱ्याची वेचणाऱ्या बाईकडे. तिच्यापाशी येऊन ती थांबते, कारण तिच्यापुढे ओरडायला कुणी उरत नाही.

आता त्या बाईच्या जागेवरून बघा. कमरेला ओटी बांधलेली, पाठ वाकलेली, मजुरी किलोवर. किलोवर मजुरी असेल तर भरभर वेचणं फायद्याचं, पानं निवडत बसणं तोट्याचं. पहाटे दव असताना कापूस जड भरतो, दुपारी हलका. मग वेचणी कधी सुरू व्हावी असं तिला वाटेल? बोलीतही नीट वेचलेल्या मालाला आणि घाईनं ओरबाडलेल्या मालाला पन्नास-शंभराचाच फरक पडत असेल, तर स्वच्छ वेचायची जादा मजुरी शेतकऱ्यानं कुठून द्यावी? प्रत कळत नाही असं नाही. प्रत कळून काही मिळत नाही. डोंगरांचा प्रश्न विचारायचा आणि पोराला अक्कल नाही म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार.

मामा गप्प बसले. हे सगळं त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. खरं सांगायचं तर सूनबाईंपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि त्यांचा पुढचा वार त्यातूनच आला.

“बाई, एक ध्यानात घे. समोरच्याच्या जागी उभं राहायचं म्हणतेस ना? ते सावकाराइतकं कुणालाच जमलं नाही. कुणाच्या पोरीचं लग्न ठरलंय, कुणाचा बैल गेलाय, कुणाला सोसायटीचा हप्ता भरायचाय, सगळं त्याला माहीत. शेतकऱ्याच्या घरात शिरून बघितल्यासारखं माहीत. म्हणून तर तो भाव पाडायचा. आमच्या आजोबांच्या काळी, निजामाच्या राज्यात, असे सावकार गावोगाव होते. त्यांची नजर काय कमी होती?”

या संवादातलं सगळ्यात वजनदार वाक्य मामांचं आहे, आणि पालकत्वाचे सल्ले देणारे बहुतेक लोक त्याला बगल देतात. दुसऱ्याच्या नजरेनं बघता येणं हा सद्गुण नव्हे, कसब आहे. फसवणाऱ्यालाही ते लागतंच; किंबहुना त्यालाच जास्त लागतं. रडणाऱ्या पोराला नेमकी कशाची भीती वाटते हे ओळखून ‘बुवा येईल’ म्हणणारी आईही त्याच्या नजरेनंच बघत असते.

सूनबाई थोडा वेळ पावत्या लावत राहिल्या. मग म्हणाल्या, “सावकारानं बघितलं, पण त्यानं स्वतःचं काय हलवलं? मी खाली बसून बघितलं आणि माठ हलवला. त्यानं बघितलं आणि समोरच्यालाच हलवलं.”

बघितल्यावर कुणाची वस्तू जागची हलते, हा त्यांचा मुद्दा होता. आणि त्यासाठी महाराष्ट्रातलंच एक जुनं उदाहरण त्यांच्याकडे होतं. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या आणि खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षण सुरू केलं. वस्तीतली मुलं शाळेत येईनात. येत नाहीत म्हणून आई-बापांना बोल लावणं सोपं होतं. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच वस्तीत नेली, घरापुढच्या अंगणात भरवली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी योजनेच्या पाटीवर असतो, पण त्याची सुरुवात अशी अंगणातून झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम सुरू झालं. मुलं दिवसभर गुरं राखायला जायची. मग शाळा कुरणात गेली. तिचं नावच पडलं कुरणशाळा.

“गुरं राखणाऱ्या पोराला शाळेत ओढून आणणारे लई होते,” सूनबाई म्हणाल्या. “शाळा उचलून गुरांमागं नेणारी बाई एखादीच.”

“ती सरकारी आणि देणगीची कामं. तिथं नफ्या-तोट्याचा खेळ नाही.” मामांचा आवाज थोडा खाली आला होता, पण हार मानलेली नव्हती. “धंद्यातलं सांग. किर्लोस्करांचं सांग.”

किर्लोस्करांचं नाव त्यांनीच काढलं, कारण ते त्यांच्या बाजूचं आहे असं त्यांना वाटत होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी म्हणत, लोखंडानं जमीन विषारी होते. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. मामांचा सवाल असा: किर्लोस्करांनी शेतकऱ्याच्या नजरेनं बघितलं असतं तर नांगर भंगारात गेला असता की नाही? कधीकधी समोरचा चुकलेलाच असतो. पोरगं विस्तवाला हात लावत असेल तर त्याच्या नजरेनं बघत बसायचं का?

इथे सूनबाई अडखळल्या आणि प्रामाणिकपणे म्हणाल्याही, “हे बरोबर आहे. सगळंच समोरच्याचं ऐकायचं असं मी म्हणत नाही.” मग थोडं थांबून, “पण ज्याच्याकडं एकच वावर आहे, त्यानं अख्ख्या वावरावर नवा नांगर घालून बघायचा, आणि चुकलं तर वर्षभर पोरांना काय घालायचं? त्याची भीती खुळी नव्हती. विस्तव कुठला आणि भीती कुठली, एवढं तरी बघायला खाली बसावंच लागतं.”

भीती खुळी नव्हती, याचा आणखी एक दाखला कापसातच आहे, आणि तो मामांच्याही जिव्हाळ्याचा. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेल्या कापसाला, देशात परवानगी मिळाली. बियाण्याच्या साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं साध्या, बिगर-बीटी कापसाचं छोटं पाकीट मिळायचं. ते वावराच्या कडेनं पेरायचं होतं. कल्पना अशी की त्या झाडांवर बोंडअळी जगेल, तिचे पतंग बीटीवर जगून निघालेल्या अळ्यांच्या पतंगांशी संकर करतील आणि विष पचवणारी अळी लवकर तयार होणार नाही. शास्त्र म्हणून पक्कं. पण वावराच्या चारही कडा अळीला खायला देणार कोण? छोटं पाकीट बांधावर पडून राहायचं, किंवा उकिरड्यावर जायचं. पत्रकं निघाली, मेळावे झाले, सांगून सांगून घसे बसले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यात बोंडं आतून पोखरून टाकली. छोटं पाकीट न पेरणं हे त्याचं एकमेव कारण नव्हे. लांबवलेला हंगाम, फरदड (म्हणजे वेचणी संपल्यावरही जुनंच पीक पुढे ठेवणं), बेसुमार वाण हेही होतं. पण पाकीट हे एक कारण होतंच.

पुढे नियम बदलला. साधं बियाणं बीटीच्या त्याच पाकिटात मिसळून द्यायचं ठरलं: ४७५ ग्रॅम, त्यात किमान पाच टक्के साधं. आता शेतकऱ्याला काही वेगळं करायचंच नव्हतं.

“माठ खाली आणला,” सूनबाई म्हणाल्या.

“आणला, पण पाणी सांडून झाल्यावर. कितीतरी वर्षांनी. आणि अळी गेली का?”

अळी गेली नाही. मामांचं खरं होतं. वेळेवर न हललेला माठ नंतर हलवून सगळं पूर्ववत होत नाही, हे मुलांनाही लागू आहे. दहा वर्षं मार खाल्लेल्या पोराशी एके दिवशी अचानक मायेनं बोललं तर ते दचकतं.

मग मामांनी शेवटचा पत्ता टाकला, तो ‘मायबाप’ या शब्दाचा. सरकार मायबाप, सावकार मायबाप, साहेब मायबाप. मराठवाड्याला या शब्दाची सवय मोठी. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्यानं कापूस सरकारलाच विकायचा. हेतू आई-बापाचाच: व्यापारी लुबाडतो, म्हणून लेकराला त्याच्यापासून लांब ठेवायचं. झालं काय? चुकारे रखडायचे, शेजारच्या राज्यात भाव चढा असला की रात्री गाड्या सीमेपार जायच्या, आणि तोटा साचत गेला. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला तो एकाधिकार सुटला. त्याआधीच शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची घोषणा गावोगाव पोचली होती: भीक नको, हवे घामाचे दाम.

“ते लोक काय सांगत होते?” मामा विचारतात. “आम्ही तुमची लेकरं नाही, असंच ना? तू बालवाडीतलं शास्त्र आणून शेतकऱ्याला पुन्हा लेकरू करतेस.”

हा आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही. गिऱ्हाइकाला, कामगाराला, शेतकऱ्याला मूल समजणं हा अपमान आहे, मग तो कितीही प्रेमानं केलेला असो. ‘आमची कंपनी म्हणजे कुटुंब’ म्हणणारे मालक पगारवाढीच्या वेळी बापाच्या आवाजात बोलतात, हे नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारावं. सूनबाईंनी मात्र या आक्षेपाची दिशा फिरवली.

“लेकरू शेतकरी नाही, मामा. शिकायचंय ते आईला. आई झाल्यावर मला कळलं की मी उभी असते तिथून अर्धं दिसतच नाही. तेवढंच घ्यायचं त्यातनं.”

मामांनी त्यावर काही म्हटलं नाही. त्यांनी २०२२ ची आठवण काढली, बहुधा विषय बदलण्यासाठी. त्या वर्षाच्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी माल विकलाच नाही. भाव आठ-नऊ हजारांवर होता, हमीभाव ६,३८० होता, तरी कापूस घरातच. माळवदावर, ओसरीत, झोपायच्या खोलीत. जिनिंग अर्ध्या क्षमतेवर धापा टाकत होत्या. घराघरांत साठलेल्या कापसातल्या बारीक किड्यांनी माणसांना खाज सुटली. मोंढ्यात सगळे म्हणत होते, शेतकरी हटून बसलाय, हावरा झालाय. शेवटी भाव सात-आठ हजारांत रेंगाळला आणि माल उन्हाळ्यात वजन घटवून बाजारात आला.

“आम्हीपण हावरा म्हणलो,” मामा म्हणाले. “पण आदल्या वर्षी त्यानं दिवाळीलाच कमी भावात विकून टाकला होता, आणि दहा हजार नंतर व्यापाऱ्यानं खाल्ले. ते त्याला विसरता येईना. मला आलं असतं का? मी पण सरकी धरून बसलो होतो त्याच वर्षी, तेल वाढेल म्हणून. क्विंटलभर कापसात रुई चौतीस किलोच्या आसपास, बाकी बहुतेक सरकीच. म्हणजे अर्ध्याहून जास्त वजन माझं पण अंदाजावर. मला कुणी हावरा म्हणलं नाही. धोरणी म्हणले.”

सूनबाईंनी यावर मान वर करून बघितलं. इतक्या वेळच्या वादात मामांनी पहिल्यांदाच समोरच्याच्या जागी उभं राहून काही सांगितलं होतं, आणि ते त्यांना स्वतःला कळलेलं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर फिरलेला होता. पडदा गाडीच्या बाजूला. कुणी फिरवला हे कुणी विचारलं नाही.

ओलीचा आकडा म्हणजे काही बारीकसारीक गोष्ट नव्हे. भारतीय कापूस महामंडळ आठ टक्के ओल प्रमाण धरतं, बारा टक्क्यांपर्यंत त्या हिशेबात कापून घेतं, त्यापुढचा माल घेत नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. म्हणजे एका टक्क्याला क्विंटलमागे ऐंशी रुपयांहून थोडे जास्त. वीस क्विंटलच्या गाडीला सोळाशे रुपये. खाजगी मोंढ्यात तर हा कडता बऱ्याचदा हाताच्या अंदाजानं ठरतो, आणि हात असतो घेणाऱ्याचा.

पहिली गाडी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची होती, सोबत नातू. महामंडळाच्या ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी त्या नातवानंच करून दिलेली, पण तिकडची पाळी लांब होती म्हणून माल इकडे आलेला. मामांनी दांडी खुपसली. पडद्यावर अकरा आला. म्हाताऱ्यानं आकडा वाचला नाही. नातवानं वाचला आणि आजोबांच्या कानाशी लागला.

“मालक,” म्हातारा म्हणाला, “हे वरचं झालं. वर पहाटेचं दव हाय. आता त्या कोपऱ्यातनं बघा, खालनं.”

मोंढ्यात इतक्या वर्षांत मामांना कुणी पुन्हा बघा म्हटलं नव्हतं. त्यांनी एकदा सूनबाईंकडे बघितलं. त्या पावतीपुस्तकात तारीख घालत होत्या. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मामा टेम्पोला वळसा घालून पलीकडे गेले, फाळक्यावर चढले आणि दांडी पार तळापर्यंत घातली.

“नऊ पॉइंट चार,” नातू मोठ्यानं म्हणाला.

मामांनी सवयीनं एक सरकी काढली आणि दाताखाली धरली.